एकरकमी धोका, हप्त्यांचा धोका

चार-पाच वर्षांचा गिनी पिग. खाणं उत्तम, किंबहुना पूर्वीपेक्षा जास्तच. कोथिंबिरीच्या जुडीची पिशवी वाजली की गजांना धरून उभा राहतो, शीळ घालतो. पण उचलून घेतला की कण्याचे मणके बोटांना लागतात. पाणी जास्त पितो, लघवी जास्त करतो, लेंड्या मऊ झाल्या आहेत, एका जागी म्हणून बसत नाही. डॉक्टर गळ्याखालून हलकेच बोट फिरवतात आणि श्वासनलिकेच्या एका बाजूला छोटी गाठ लागते. रक्त तपासायला जातं आणि निदान येतं: थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे. आता दोन वाटा. गाठ कापून काढायची, नाहीतर औषध द्यायचं, रोज, शेवटपर्यंत.

पाळणारा माणूस विचारतो, “डॉक्टर, यातलं चांगलं कोणतं?” हा प्रश्न मनापासून येतो, पण त्याचं उत्तर कुठल्याही डॉक्टरला एका वाक्यात देता येणार नाही. धोका दोन्हीकडे आहे. फरक आहे तो धोका मोजून देण्याच्या पद्धतीत. शस्त्रक्रियेत तो एकाच दिवशी एकरकमी द्यावा लागतो, औषधात हप्त्याहप्त्यानं, रोज थोडा. घराचं कर्ज घेताना आपण हा हिशेब व्यवस्थित करतो, कारण फेडणारे आपणच असतो. इथे मात्र सही आपली आणि फेड त्या नऊशे ग्रॅमच्या जिवाची. म्हणून हप्ते किती वर्षं चालतील आणि त्यातला प्रत्येक हप्ता किती जड आहे, हे त्याच्या आयुष्याच्या मापानं पाहायला हवं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. ती नीट समजून घ्यायची तर आधी आजार, मग औषध, मग सुरी, असं क्रमानं जावं लागेल.

पहिलं म्हणजे निदान पक्कं हवं. गिनी पिगचं वजन उतरण्याची कारणं अनेक आहेत आणि त्यांतलं सर्वांत नेहमीचं कारण दातांचं. त्याचे सगळेच दात जन्मभर वाढत राहतात. पुरेसं गवत चावायला मिळालं नाही की दाढा वाकड्या वाढतात, जिभेवर कमान धरतात किंवा गालाला टोचतात. असा प्राणी अन्नाजवळ धावत येतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो. थायरॉइडचा रुग्ण मात्र खरोखर खातो, भरपूर खातो आणि तरीही झिजतो. हा फरक घरच्या माणसाइतका कुणालाच दिसत नाही. मधुमेह आणि मूत्रपिंडाचे विकार हेही पाणी पिणं वाढवतात. गळ्यातली प्रत्येक गाठ थायरॉइडचीच असते असंही नाही. गिनी पिगला मानेच्या लसिका ग्रंथींत पू होण्याचा एक जिवाणूजन्य आजार होतो आणि त्याच्या गाठीही तिथेच, हनुवटीखाली येतात. सोनोग्राफीनं किंवा गाठीत बारीक सुई घालून काढलेल्या पेशी पाहून हे बरंचसं उलगडतं.

रक्तात टी-फोर हे थायरॉइडचं संप्रेरक मोजतात. या तपासणीतही एक मेख आहे. रक्त कमी लागतं, पण या प्राण्याच्या शिरा सहज सापडत नाहीत, म्हणून कधी कधी नमुना घेण्यासाठीच गुंगी द्यावी लागते. शिवाय आलेला आकडा कुत्र्याच्या किंवा माणसाच्या मर्यादांशी ताडून चालत नाही. प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा कोणत्या प्राण्याची आहे, हे आवर्जून विचारावं. मांजरांतला हाच आजार अमेरिकेत १९७९-८० च्या सुमारास पहिल्यांदा नीट नोंदला गेला आणि तेव्हापासून मांजरांवर विपुल अभ्यास झाला. गिनी पिगचा अभ्यास त्यामानानं बराच मागे आहे. थोड्या थोड्या प्राण्यांच्या नोंदींवर तो उभा आहे. त्यामुळे डॉक्टर “नक्की सांगता येत नाही” म्हणाले तर त्यांना अजाण समजू नये. तेच प्रामाणिक उत्तर असतं.

आता औषध. कार्बिमॅझोल आणि मेथिमॅझोल ही यातली नेहमीची दोन नावं, आणि खरं तर दोन्ही एकच, कारण कार्बिमॅझोल शरीरात गेलं की त्याचं मेथिमॅझोल होतं. माणसांच्या थायरॉइडसाठी आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली ‘निओमर्काझोल’ ही गोळी म्हणजे कार्बिमॅझोलच. या औषधांचा मूळ शोध माणसासाठी लागला. १९४३ साली एडविन अॅस्टवुड या अमेरिकन डॉक्टरांनी थायोयुरिया आणि थायोयुरॅसिल देऊन जादा चालणारी थायरॉइड आटोक्यात येते हे दाखवलं, तोवर सुरीवाचून फारसा मार्ग नव्हता. ग्रंथीत आयोडीन जोडून संप्रेरक घडवणारं जे विकर असतं, त्याला ही औषधं अडवतात. म्हणजे नवं संप्रेरक तयार होणं थांबतं. आधी तयार होऊन ग्रंथीत साठलेलं मात्र संपावंच लागतं. म्हणून औषध सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशी काहीच बदलत नाही; खरा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून औषध बंद करणारे लोक त्या जनावरावर अन्याय करतात.

औषध जे करत नाही तेही तितकंच स्पष्ट माहीत असावं. ते गाठ घालवत नाही. संप्रेरकाचं उत्पादन रोखतं, गाठ आपल्या गतीनं वाढत राहू शकते. ती साधी असेल तर वर्षानुवर्षं तिचा काही त्रास होणार नाही. कर्करोगाची असेल तर औषधानं रक्तातला आकडा छान दिसेल आणि आत रोग पसरत राहील. गिनी पिगमध्ये थायरॉइडच्या दोन्ही प्रकारच्या गाठी आढळतात.

मात्रेचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. पशुवैद्यकीय पुस्तकांत गिनी पिगसाठी कार्बिमॅझोल दिवसाला दर किलो वजनामागे साधारण १ ते २ मिलिग्रॅम सांगितलेलं असतं. नऊशे ग्रॅमच्या प्राण्याला म्हणजे ०.९ ते १.८ मिलिग्रॅम. आपल्याकडे मिळणारी माणसांची लहान गोळी ५ मिलिग्रॅमची. तिचा साधारण पाचवा ते तिसरा भाग एवढीच मात्रा हवी. स्वयंपाकघरातल्या सुरीनं गोळीचे असे तुकडे करायला गेलं तर एका दिवशी दुप्पट आणि दुसऱ्या दिवशी निम्मं औषध पोटात जाईल. म्हणून मात्रा डॉक्टरांनी ठरवावी आणि ती मोजून देता येईल अशा स्वरूपात त्यांच्याकडूनच करून घ्यावी. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं हे औषध हाताळू नये, गर्भाला त्यापासून अपाय होऊ शकतो. इतरांनीही हातमोजे घालावेत.

या हप्त्यांमध्ये औषधाचे दुष्परिणाम येतात. भूक मंदावणं हा त्यांतला सर्वांत वाईट, कारण गिनी पिगची भूक ही नुसती भूक नसते. त्याचं आतडं सतत चालतं राहिलं पाहिजे. अर्धा-एक दिवस पोटात काही गेलं नाही की आतडी थंडावतात, आत वायू धरतो आणि मूळ आजार बाजूला राहून प्राणी त्यानंच दगावू शकतो. त्याखेरीज रक्तातल्या पेशी कमी होणं, यकृतावर ताण येणं हेही मांजरांत आणि माणसांत पाहिलेले परिणाम आहेत, म्हणून मधूनमधून रक्त तपासावं लागतं. आणि रोज त्याला धरून, तोंडाच्या कडेनं सिरिंज घालून कडू औषध पाजणं, हाही हप्ताच. गिनी पिग हा भक्ष्य प्राणी आहे. वरून येणारा हात म्हणजे ससाणा, असं त्याच्या रक्तात लिहिलेलं असतं. काही प्राणी आठवड्याभरात सिरिंजेला सरावतात, औषधामागून मिळणाऱ्या ढोबळी मिरचीच्या तुकड्याची वाट पाहू लागतात. काही कधीच सरावत नाहीत. रोज सकाळी कोपऱ्यात दडतात आणि ज्या माणसाच्या मांडीवर झोपायचे त्याला पाहून पळतात. या दुसऱ्या प्रकारच्या प्राण्यासाठी हप्ता फार जड असतो, आणि तो कोणत्याही तपासणीच्या कागदावर दिसत नाही.

शस्त्रक्रियेकडे वळू. थायरॉइडचे दोन लहानसे भाग श्वासनलिकेच्या दोन बाजूंना चिकटून असतात. शेजारून मेंदूकडे रक्त नेणारी मोठी धमनी जाते, स्वरयंत्राची नस जाते, आणि ग्रंथीला लागूनच परावटु ग्रंथी असतात. त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. हे सगळं माणसाच्या गळ्यात जसं आहे तसंच इथे, पण कितीतरी लहान जागेत. माणसाच्या थायरॉइडची शस्त्रक्रिया सुरक्षित करण्याचं श्रेय स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातले शल्यविशारद थिओडोर कोखर यांना जातं. १९०९ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पण त्याच कोखरांनी १८८३ मध्ये एक अतिशय प्रामाणिक गोष्ट जगापुढे ठेवली होती. ज्या रुग्णांची संपूर्ण ग्रंथी त्यांनी कौशल्यानं काढली होती, त्यांतले बरेच जण पुढे सुजलेले, मंद, थिजल्यासारखे झाले होते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती आणि रुग्ण बिघडला होता. ग्रंथी पूर्ण काढली की शरीर तिच्यावाचून चालत नाही, हे त्यातून कळलं.

हा धडा गिनी पिगच्या बाबतीत थेट लागू होतो. गाठ एकाच बाजूला असेल आणि तेवढाच भाग काढला, तर दुसरा भाग काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागतो. इतके दिवस तो दबून निजलेला असतो. मग औषधाची गरज उरत नाही, आणि हेच शस्त्रक्रियेचं खरं वैभव आहे. दोन्ही बाजूंना दोष असेल आणि दोन्ही काढावे लागले, तर मात्र जन्मभर थायरॉइडची गोळी द्यावी लागते. परावटु ग्रंथी दुखावल्या तर कॅल्शियम घसरून झटके येऊ शकतात, मग तेही द्यावं लागतं. म्हणजे हप्ते चुकवण्यासाठी एकरकमी भरलं आणि हप्तेही सुरू झाले. शस्त्रक्रिया म्हणजे कायमची सुटका असं गृहीत धरणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं: गाठ एका बाजूला आहे की दोन्ही, आणि हे शस्त्रक्रियेआधी सोनोग्राफीत किती खात्रीनं दिसलं आहे?

आणि भूल. गिनी पिगला भूल देणं अवघड का, याची कारणं त्याच्या शरीराच्या घडणीत आहेत. त्याची मऊ टाळू जिभेच्या मुळाशी जवळजवळ जोडलेली असते. मधल्या लहानशा छिद्रातून श्वासनलिकेत नळी घालणं निष्णात हातांनाही जड जातं. गालांत चघळलेलं अन्न उरलेलं असतं. त्याला उलटी करता येत नाही, तरी तोंडातलं अन्न श्वासात जाऊ शकतं. शरीर लहान असल्यानं उष्णता झपाट्यानं निघून जाते. रात्रभर उपाशी ठेवायची कुत्र्याची रीत इथे घातक, कारण आतडं थांबतं. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात शंभराहून अधिक पशुवैद्यकीय दवाखान्यांतून भुलेशी संबंधित मृत्यूंची मोठी पाहणी झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. कुत्र्यांत हे प्रमाण शंभरात ०.१७ निघालं, मांजरांत ०.२४, सशांत १.३९ आणि गिनी पिगमध्ये ३.८०. म्हणजे पंचवीस-सव्वीस प्राण्यांमागे एक, कुत्र्याच्या बावीसपट.

हा आकडा वाचून घाबरणं साहजिक आहे, पण तो तसाच आपल्या प्राण्याच्या कपाळी चिकटवू नये. तो सरासरीचा आकडा आहे, त्यात कसलेले भूलतज्ज्ञही आले आणि नवखेही. त्यानंतर तंत्र सुधारलं आहे. त्याच पाहणीतला सशांचा तपशील मला जास्त बोलका वाटतो: निरोगी सशांत मृत्यू शंभरात ०.७३, आजारी सशांत ७.३७. दहापट फरक, एकाच जातीच्या प्राण्यांत, केवळ भूल घेताना प्रकृती कशी होती यावरून. थायरॉइड जादा चालणाऱ्या प्राण्याचं हृदय आधीच धापा टाकत असतं, वजन उतरलेलं असतं, अंगात चरबीचा साठा नसतो. निदान झालं त्याच आठवड्यात त्याला टेबलावर घेणं म्हणजे एकरकमी रक्कम तिच्या सर्वांत चढ्या भावानं भरणं.

इथे या दोन वाटांचं कोडं थोडं सुटू लागतं. औषधाची वाट आधी धरली तर शस्त्रक्रियेची वाट बंद होत नाही. उलट ती अधिक सुरक्षित होते. दोन-तीन आठवड्यांच्या औषधानं ठोके शांत होतात, वजन सावरतं आणि मग भूल द्यायची झाली तर ती बऱ्या प्रकृतीच्या प्राण्याला दिली जाते. माणसांमध्येही थायरॉइड काढण्यापूर्वी ती औषधानं ताब्यात आणतात, याच कारणासाठी. शिवाय या काळात पाळणाऱ्याला कळतं की आपला प्राणी औषध सोसतो का, सिरिंज घेतो का, आपल्या नोकरीच्या वेळापत्रकात हे रोजचं काम बसतं का. शस्त्रक्रिया एकदा झाली की मागे घेता येत नाही. औषध उद्यापासून बंद करता येतं. इतकी माहिती फुकटात देणारी दुसरी कुठलीही तपासणी नाही.

आता काळाच्या मापाकडे येऊ, कारण माझ्या मते निवड तिथे ठरते. गिनी पिग साधारण पाच ते सात वर्षं जगतो. हा आजार बहुधा तीन वर्षांनंतर, म्हणजे त्याच्या प्रौढपणी किंवा उतारवयात दिसतो. सहा वर्षांच्या प्राण्याला औषध सुरू केलं तर हप्ते किती उरतात? कदाचित एका वर्षाचे. त्या एका वर्षासाठी शंभरातल्या चारांचा, किंवा उतारवयामुळे त्याहून मोठा धोका एकाच सकाळी पत्करणं आणि वर गळ्याला टाके घेऊन वेदनेत, न खाता दोन दिवस काढायला लावणं मला पटत नाही. याच्या उलट तीन वर्षांचा, अंगानं भरलेला, गाठ एका बाजूलाच असलेला प्राणी घ्या. त्याच्यापुढे आणखी तीन-चार वर्षं आहेत. म्हणजे हजाराहून जास्त वेळा धरणं, पाजणं, शिवाय वारंवार रक्त काढणं आणि आत वाढत जाणारी गाठ. तिथे एकरकमी धोका पत्करण्यात अर्थ आहे, सर्जन जाणकार असेल तर. आजार तोच, औषध तेच, सुरी तीच. उरलेल्या आयुष्यानं उत्तर उलटवलं.

माणूस मात्र मनातल्या मनात आपल्याच काळानं मोजतो. “एकदाचं काढून टाका, रोजची कटकट नको,” असं तोंडून निघतं त्यात वाईट हेतू नसतो. टांगती तलवार माणसाला सोसत नाही, त्याला प्रश्न मिटलेला हवा असतो. गिनी पिगला ही तलवार दिसतच नाही. आपल्याला आजार आहे, पुढच्या वर्षी गाठ वाढेल, हे त्याच्या जगात नाही. त्याला आजचं गवत, आजची ऊब, शेजारचा सोबती आणि आज अंगात होणारी धडधड एवढंच ठाऊक. म्हणून धडधड थांबवणारं आणि आजचा दिवस कमीत कमी बिघडवणारं जे असेल ते त्याच्या बाजूचं. प्रश्न मिटल्याचं समाधान आपल्या बाजूचं आहे, आणि त्याची किंमत त्याच्याकडून वसूल करणं योग्य नाही.

याचाच दुसरा भाग असा की भीतीही आपली असते. काही पाळणारे भुलेला इतके घाबरतात की औषध सोसत नसलेल्या, रोज पाजताना जीव मुठीत धरणाऱ्या प्राण्यावर महिनोन् महिने तेच लादत राहतात. गाठ श्वासनलिकेवर दाबू लागली, औषधानं भूक गेली, मात्रा वाढवूनही टी-फोर उतरेना किंवा सुईच्या तपासणीत कर्करोगाची शंका आली, की हप्त्यांचा सौदा संपला असं समजावं. त्यानंतर टाळाटाळ करणं म्हणजे काळजी नव्हे.

तिसरा मार्ग माणसांत आणि मांजरांत वापरला जातो, किरणोत्सारी आयोडीनचा. थायरॉइड आयोडीन शोषून घेते, म्हणून आयोडीन-१३१ दिलं की ते नेमकं रोगट पेशींत जाऊन त्यांना आतून नष्ट करतं. भूल नाही, सुरी नाही, रोजचं औषध नाही. माणसावर तो पहिल्यांदा १९४१ साली बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी वापरला. परदेशात गिनी पिगलाही तो दिल्याच्या नोंदी आहेत. मुंबईत परळला १९६३ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर माणसांवर हे उपचार करत आलं आहे, पण प्राण्याला किरणोत्सार ओसरेपर्यंत सुरक्षित वेगळं ठेवण्याची सोय लागते आणि सामान्य गिनी पिग पाळणाऱ्याच्या आवाक्यात ती नाही. ती होईल तेव्हा हा सगळा हिशेब बदलेल.

या प्राण्याचं आपल्यावर एक जुनं ऋण आहे आणि ते नेमकं थायरॉइडचं आहे. १९५६ साली न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात डंकन अॅडम्स आणि हर्बर्ट पर्व्हिस यांनी थायरॉइड जादा चालणाऱ्या रुग्णांचा रक्तद्रव गिनी पिगना टोचला. थायरॉइडला चालना देणाऱ्या नेहमीच्या संप्रेरकाचा परिणाम त्यांच्यात काही तासांत शिगेला पोहोचून ओसरे; या रुग्णांच्या रक्तद्रवाचा परिणाम कितीतरी उशिरा येई आणि रेंगाळत राही. ग्रेव्हज या थायरॉइड जादा चालवणाऱ्या आजारात ग्रंथीला चाबूक मारणारा घटक वेगळाच आहे, शरीरानं स्वतःविरुद्ध तयार केलेला, हे पुढे ज्या वाटेनं उलगडलं तिची सुरुवात या प्रयोगातून झाली. माणसाच्या थायरॉइडबद्दल गिनी पिगनं इतकं शिकवलं, त्याच्या स्वतःच्या थायरॉइडसाठी मात्र अजून धड मोठा अभ्यास नाही, याचं मला वाईट वाटतं. प्रत्येक डॉक्टरनं आपल्या रुग्णांच्या वजनाच्या, मात्रेच्या, आकड्यांच्या नोंदी नीट ठेवून प्रसिद्ध केल्या तर हे ऋण थोडं फिटेल.

आपल्याकडची परिस्थितीही हिशेबात धरायला हवी. आपलं पशुवैद्यक गाई-म्हशी आणि कुत्र्या-मांजरांभोवती वाढलं. मुंबई-पुण्यात लहान विदेशी प्राणी पाहणारे मोजके डॉक्टर आहेत, जिल्ह्याच्या गावी तेही नाहीत. अशा वेळी “शस्त्रक्रिया की औषध” यापेक्षा “शस्त्रक्रिया कुणाच्या हातून” हा प्रश्न मोठा होतो. तुम्ही गिनी पिगना भूल किती वेळा दिली आहे, श्वासासाठी काय करता, वेदनाशामक कोणतं देता, शुद्धीवर आल्यावर किती तासांत खायला घालता, असं सरळ विचारावं. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही. आणखी एक गोष्ट विसरू नये: शस्त्रक्रियेनंतर सवयीनं लिहून दिली जाणारी अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे दिली तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मारून त्याचाच जीव घेऊ शकतात. गळ्यावरचं काम निर्दोष झालं आणि प्राणी प्रतिजैविकानं गेला, हे होता कामा नये.

हवामानही आपलं आहे. गिनी पिगला तिशीच्या आसपासचं तापमानसुद्धा बाधतं. थायरॉइड जादा चालते तेव्हा शरीरात उष्णता आणखी तयार होते. नागपूर, अकोला, जळगावच्या एप्रिल-मे महिन्यांत असा प्राणी कुठल्याही शस्त्रक्रियेवाचूनही उष्माघातानं जाऊ शकतो. त्याला लांबच्या शहरात शस्त्रक्रियेसाठी न्यायचंच असेल तर उन्हाळ्यात भर दुपारच्या गाडीनं नेऊ नये. उपचार कोणताही निवडा, त्याची जागा थंड ठेवणं आणि क जीवनसत्त्व रोज देणं चुकवू नये, कारण आपल्यासारखंच त्याचं शरीर ते बनवू शकत नाही आणि झिजलेल्या प्राण्याला त्याची उणीव लवकर भोवते.

काही प्राण्यांसाठी यांपैकी कोणताच सौदा परवडत नाही. गाठ पसरलेली असते, वय झालेलं असतं, वजन निम्म्यावर आलेलं असतं. तिथे दोन्ही वाटा सोडून आवडीचं खाणं, वेदनाशामक आणि वेळ आल्यावर डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणं, हाही पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय असतो. तो घेणाऱ्याला कुणी भित्रा म्हणू नये.

ज्यांच्या घरी हा प्रश्न आज उभा आहे त्यांना माझं सांगणं असं. निदान झालं त्या दिवशी शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका, श्वासालाच अडथळा होत असेल तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध सुरू करा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर सुरुवातीला रोज आणि नंतर दर आठवड्याला वजन घेऊन वहीत तारखेसह लिहा, तीन आठवड्यांनी टी-फोर पुन्हा तपासा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. वजन दहा टक्के घसरलं किंवा अर्धा दिवसही खाणं थांबलं तर तीन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.